गावाकडच्या स्टेशनवर हवेतले कण ऋतूनुसार कसे मोजायचे: अगदी सुरुवातीपासून

शहरापासून लांब एखाद्या ग्रामीण जागी हवेतले धूलिकण वर्षभर मोजायचेत, पण नेमकी सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. ऋतू बदलला की हवा तर बदलतेच, पण तुमचं मशीनसुद्धा वेगळं वागायला लागतं. दमट हवेत सेन्सर जास्त दाखवतो, उन्हाळ्यात फिल्टरवरचा काही माल उडून जातो, थंडीत तेवढ्याच लिटरमध्ये जास्त हवा मावते. हा यंत्राचा ऋतू वेगळा काढला नाही तर वर्षाच्या शेवटी जो सुंदर ग्राफ तयार होईल त्यात हवा किती आणि मशीन किती हे कोणालाच सांगता येणार नाही.

पायरी १: काय मोजायचंय ते ठरवा

पीएम १० म्हणजे साधारण १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण आणि पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात म्हणून आरोग्याच्या चर्चेत पीएम २.५ पुढे असतं, आणि त्यामुळे बरेच जण फक्त तेवढंच मोजायचं ठरवतात. ग्रामीण जागेसाठी हे मला पटत नाही. शक्य असेल तर दोन्ही मोजा, कारण नांगरणी, मळणी, कच्चा रस्ता यांची धूळ मुख्यतः जाड कणांत असते आणि धूर बारीक कणांत, त्यामुळे या दोघांचं गुणोत्तर हाच तुमचा पहिला आणि सगळ्यात स्वस्त पुरावा असतो.

तुलनेसाठी एक आकडा हाताशी ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी. पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ५ आणि २४ तासांची १५, पीएम १० साठी वर्षाची १५ आणि २४ तासांची ४५, सगळं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. देशोदेशीची मानकं यापेक्षा सैल असू शकतात, तुमच्या इथलं मानक कोणतं ते आधी बघून ठेवा.

पायरी २: जागा

इथे घाई करू नका, कारण जागा एकदा पक्की झाली की वर्षभर हलवायची नाही. मोकळी हवा चारी बाजूंनी यायला हवी, निदान २७० अंशांत तरी काही आड येता कामा नये. इनलेट म्हणजे हवा आत ओढणारं तोंड जमिनीपासून किमान २ मीटर वर ठेवा, कारण त्याच्या खाली पायाने आणि गाड्यांनी उडणारी धूळ मोजली जाते. जवळपास भिंत किंवा इमारत असेल तर ती इनलेटच्या वर जितकी उंच जाते त्याच्या निदान दुप्पट अंतरावर असावी. झाडांपासूनही लांब राहा, फांद्यांच्या कडेपासून १० मीटर तरी, आणि २० मिळाले तर उत्तम. पानं कण अडवतात आणि पानगळीनंतर अडवत नाहीत, म्हणजे झाडच तुमच्या डेटात एक खोटा ऋतू घालतं.

नवीन लोक एक गोष्ट हमखास विसरतात ती म्हणजे वर्षातले बाकीचे महिने. जागा बघायला तुम्ही ज्या महिन्यात जाता तेव्हा शेजारचं शेत पडीक असतं, आणि चार महिन्यांनी तिथे इनलेटच्या उंचीचं पीक उभं असतं किंवा कापणीचं मशीन पंधरा मीटरवरून फिरत असतं. म्हणून आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी बसून बोला. कोणतं पीक, पेरणी कधी, कापणी कधी, उरलेलं जाळतात की जमिनीत गाडतात, जनावरं कुठे बांधतात, वाऱ्याची दिशा कधी फिरते. त्यांना हे सगळं तोंडपाठ असतं, आणि ही माहिती कोणत्याही वेबसाईटवर मिळत नाही.

लाईटचा प्रश्नही इथेच सोडवून टाका. रोज ठरावीक वेळी वीज जात असेल तर तुमच्या डेटातले तेच तास रोज गायब होतील आणि सरासरी एका बाजूला झुकेल, त्यामुळे बॅटरी बॅकअप सुरुवातीपासूनच हवा.

पायरी ३: यंत्र

ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. पहिला फिल्टरचा: ठरलेल्या वेगाने हवा ओढायची, कण फिल्टरवर पकडायचे, आधी आणि नंतर वजन करायचं. मेहनत भरपूर पण बाकी सगळं ज्याच्याशी ताडून बघतात ती पद्धत हीच. दुसरा बीटा मॉनिटरचा, यात फिल्टरच्या टेपवर कण जमतात आणि किरणोत्सारी स्रोतातून निघालेले बीटा किरण किती अडले त्यावरून वस्तुमान काढतात, दर तासाला आकडा मिळतो. तिसरा छोट्या लेझर सेन्सरचा, स्वस्त, दर मिनिटाला डेटा, पण हा कणांचं वजन करतच नाही, त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश मोजून अंदाज बांधतो.

पैसे कमी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एक फिल्टर सॅम्पलर आणि त्याच्या शेजारी दोन-तीन लेझर सेन्सर. फिल्टर खरं सांगतो पण दिवसाचा एकच आकडा देतो, सेन्सर तासातासाची हालचाल दाखवतात पण त्यांच्या आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवता येत नाही. दोन्ही मिळून काम होतं. आणि सेन्सरचा पीएम १० चा आकडा मात्र सोडून द्या, हे सेन्सर जाड कण नीट बघूच शकत नाहीत, त्यामुळे धुळीच्या ऋतूत, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, तो आकडा फसवतो.

पायरी ४: कॅलेंडर

रोज फिल्टर बदलणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून दर सहाव्या दिवशी एक नमुना ही जुनी आणि टिकलेली पद्धत वापरा. सहाच का, तर दर सातव्या दिवशी घेतलं तर कायम तोच वार येणार, बाजाराचा दिवस असला तर वर्षभर बाजाराचाच दिवस मोजला जाणार. सहाच्या अंतराने वार आपोआप फिरत राहतो आणि वर्षाला ६० ते ६१ नमुने मिळतात. नमुना मध्यरात्र ते मध्यरात्र, पूर्ण २४ तास, टायमर लावून.

पण लक्षात घ्या, तीन महिन्यांच्या एका ऋतूच्या वाट्याला यातून १५ च नमुने येतात, आणि जाळण्याचा किंवा कापणीचा काळ दोन-तीन आठवड्यांचाच असेल तर तिथे जेमतेम तीन-चार. त्यामुळे अशा काळात दर तिसऱ्या दिवशी किंवा रोज घ्यायचं असं आधीच ठरवून ठेवा, आणि वर्षाची सरासरी काढताना हे जादाचे दिवस बाजूला काढा, नाहीतर सरासरी उगाच फुगते. ऋतूंच्या सीमाही डेटा यायच्या आधी ठरवा, तिथल्या पाऊस-तापमान-वाऱ्यावरून. नंतर ठरवायला गेलं की माणूस नकळत हवं तसं कापतो.

पायरी ५: फिल्टर आणि वजन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सावकाश जाऊ. पीएम २.५ साठी बहुतेक वेळा ४७ मिलिमीटर व्यासाचा टेफ्लॉनचा फिल्टर असतो, वजन दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. त्यावर जमणारा माल बऱ्याचदा एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो, म्हणजे एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू लागतो आणि तो तुमच्याकडे नसेल तर एखाद्या लॅबशी आधी बोलून घ्या.

वजनाच्या आधी फिल्टर किमान २४ तास ठरावीक वातावरणात ठेवायचा. अमेरिकन पद्धतीत तापमान २० ते २३ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ३० ते ४० टक्के असते, युरोपात आर्द्रता ४५ ते ५० टक्के धरतात. कोणतीही एक निवडा पण वर्षभर तीच पाळा, आणि नमुना घेतल्यानंतरचं वजनही अगदी त्याच वातावरणात करा. कण पाणी शोषतात, पावसाळी दिवसांत खोलीची आर्द्रता वाढली आणि तुम्ही दुर्लक्ष केलं तर वजनात पाणी शिरणार.

हात लावायचा नाही, चिमट्याने फक्त कडेला धरायचं. तराजूवर ठेवण्याआधी स्थिर विद्युत काढून टाका, त्यासाठी आयोनायझर मिळतो. कोरड्या ऋतूत टेफ्लॉन इतका चार्ज होतो की आकडा स्थिरच राहत नाही, आणि ज्याला कारण माहीत नसतं तो तराजू बिघडला म्हणून बसतो. प्रत्येक वजन दोनदा करा, जुळलं नाही तर तिसऱ्यांदा.

आता एक हिशोब पूर्ण करून बघू. आधीचं वजन १४५.२१३ मिलिग्रॅम, नंतरचं १४६.१०१, फरक ०.८८८ मिलिग्रॅम म्हणजे ८८८ मायक्रोग्रॅम. पंप मिनिटाला १६.६७ लिटर ओढतो, २४ तासांत २४ घनमीटर. ८८८ भागिले २४, म्हणजे ३७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. झालं.

झालं म्हणजे एक गोष्ट राहिलीच, ब्लँक. दर दहा फिल्टरमागे एक फिल्टर असा ठेवा की तो स्टेशनवर जातो, सॅम्पलरमध्ये बसवला जातो, पण पंप चालू न करता परत येतो. समजा त्याचं वजन १२ मायक्रोग्रॅमने वाढलं. वरच्या ८८८ समोर हे काहीच नाही, दीड टक्कासुद्धा नाही. पण पाऊस पडून गेल्यावरच्या स्वच्छ दिवशी हवेत ५ मायक्रोग्रॅम असतील तर फिल्टरवर जेमतेम १२० जमतात आणि त्यातले १२ म्हणजे सरळ १० टक्के. म्हणजे तोच हात, तीच काळजी, पण चूक स्वच्छ ऋतूत जास्त बोलते. ग्रामीण जागेवर स्वच्छ दिवस बरेच असतात, म्हणून इथे ब्लँक शहरापेक्षाही महत्त्वाचा.

परत आणताना फिल्टर थंड ठेवा. अमोनियम नायट्रेट नावाचा पदार्थ बारीक कणांत असतो, खतं आणि जनावरांच्या शेणमूत्रातून निघणाऱ्या अमोनियापासून तो बनतो, आणि उष्णतेत वायू होऊन उडून जातो. थंडीत तो फिल्टरवर टिकतो, उन्हाळ्यात नमुना घेता घेताच उडतो, आणि गाडीत तापलेल्या डब्यात तर उरलासुरलाही जातो. ४ अंशांच्या खाली ठेवून नेलं तर नंतरचं वजन ३० दिवसांच्या आत करा, थंड ठेवणं जमत नसेल तर १० दिवसांच्या आत.

पायरी ६: फ्लो, गळती आणि साफसफाई

महिन्यातून एकदा वेगळ्या, कॅलिब्रेट केलेल्या म्हणजे अचूकता तपासून घेतलेल्या फ्लोमीटरने फ्लो, म्हणजे हवा ओढण्याचा वेग, तपासा, ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच वेळी लीक चेक. फ्लो नुसता पंपासाठी महत्त्वाचा नाहीये, कणांचा आकार निवडणारा इनलेट त्या एका फ्लोलाच बरोबर चालतो, फ्लो घसरला की तुम्ही पीएम २.५ मोजतच नसता, त्याच्यापेक्षा थोडे मोठे कणही आत येत असतात.

आणि घनमीटर म्हणजे कोणता घनमीटर हेही लिहून ठेवा. हवा ४० अंशांना फुगलेली असते आणि ५ अंशांना आकसलेली, दोन्हींत साधारण १२ टक्के फरक पडतो. प्रत्यक्ष तापमान-दाबाला काढलेला आकडा आणि २५ अंश व समुद्रसपाटीचा दाब धरून काढलेला आकडा, हे दोन्ही एकाच ग्राफवर टाकले की कुठल्याही प्रदूषणाशिवाय एक ऋतू तयार होतो. अमेरिकेत पीएम २.५ प्रत्यक्ष परिस्थितीला आणि पीएम १० प्रमाणित परिस्थितीला देतात, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर काढण्याआधी दोन्ही एकाच पायावर आणा. डोंगराळ जागी तर हे अजूनच जाणवतं.

साफसफाईचं वेळापत्रक ऋतूवर ठेवा. धुळीच्या दिवसांत इनलेट पंधरवड्याला पुसा, एरवी महिन्याला चालेल. पीएम १० च्या इनलेटला पाणी गोळा व्हायची छोटी बरणी असते, ती पावसात प्रत्येक फेरीला रिकामी करा. आणि कोळी! ग्रामीण स्टेशनवर इनलेटच्या आत जाळं हमखास सापडतं, टॉर्च मारून बघायची सवय लावा.

पायरी ७: सेन्सर आणि दमटपणा

आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, आणि सेन्सरला वाटतं प्रदूषण वाढलं. पहाटेच्या धुक्यात हे सगळ्यात जास्त होतं. पहाटे धूरही साचलेला असतो, म्हणजे खरं आणि खोटं दोन्ही एकाच वेळी वाढतं आणि नुसत्या डोळ्यांनी वेगळं होत नाही. उपाय एकच, सेन्सर फिल्टर सॅम्पलरच्या शेजारी एक-दोन मीटरवर वर्षभर ठेवा, ज्या दिवशी फिल्टर घेतला त्या २४ तासांची सेन्सरची सरासरी काढा, आणि आर्द्रता धरून दुरुस्तीचं समीकरण बसवा. हे समीकरण प्रत्येक ऋतूसाठी वेगळं तपासा. धुराचे कण आणि मातीचे कण प्रकाश सारखा विखुरत नाहीत, त्यामुळे थंडीत बसवलेलं समीकरण धुळीच्या दिवसांत बरंच कमी दाखवू शकतं.

बीटा मॉनिटरवाल्यांसाठी एवढंच: इनलेट हीटर किती तापमानाला आहे ते लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका, जास्त तापवलं तर तोच नायट्रेट उडतो. आणि तासाचे उणे आकडे आले तर पुसू नका. हवा जवळजवळ स्वच्छ असताना मशीनचा आकडा आपोआप थोडा शून्याच्या वर-खाली खेळतो, खालचे पुसले आणि वरचे ठेवले की तुमचा स्वच्छ ऋतू होता त्यापेक्षा घाण दिसायला लागतो.

पायरी ८: वही

प्रत्येक फेरीला तारीख, वेळ, फिल्टर नंबर, फ्लो, तापमान, दाब, आणि मग डोळ्यांनी दिसलेलं. "ईशान्येला साधारण ३०० मीटरवर काड जळतंय, धूर आपल्याकडे, दुपारी ४ पासून." असं एक वाक्य सहा महिन्यांनी एखाद्या विचित्र आकड्याचं उत्तर देतं. स्टेशनवर वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारं यंत्र, पर्जन्यमापक आणि आर्द्रता मोजायची सोय नसेल तर कणांचा अर्धा अर्थ लागणारच नाही. शेतातली आग दूर असेल तर नासाच्या फर्म्स या नकाशावर उपग्रहाने टिपलेले आगीचे ठिपके रोजच्या रोज बघता येतात. ढगाखालची किंवा लहान आग मात्र त्यात सुटते, म्हणून वही हवीच.

पायरी ९: आकडे वाचायचे कसे

आधी पूर्णता बघा. दिवसाची सरासरी धरायची तर २४ पैकी निदान १८ तास हवेत, ऋतूची धरायची तर ठरलेल्यापैकी ७५ टक्के नमुने. त्याखाली असेल तर तो ऋतू "अपुरा" असं सरळ लिहा, भरपाईचे आकडे घालू नका.

मग ऋतूनुसार सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) दोन्ही द्या. आगीचे दोन दिवस सरासरी वर ओढतात, मध्यक तिथेच राहतो, आणि या दोघांतलं अंतर बरंच काही सांगतं.

थंडीत आकडा वाढला म्हणजे कोणीतरी जास्त धूर सोडला असं लगेच म्हणू नका. थंड, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, वर झाकण बसल्यासारखं होतं आणि धूर वर जातच नाही. उन्हाळ्याच्या दुपारी हवा एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते, रात्री हीच उंची शंभर-दोनशे मीटरवर येऊ शकते, त्यामुळे तेवढाच धूर कितीतरी दाट होतो. तासाचा डेटा असेल तर हे लगेच दिसतं: पहाटे आणि संध्याकाळी दोन उंचवटे आणि दुपारी खड्डा, रोज, म्हणजे हवेच्या ढवळण्याचा मोठा हात आहे. एखाद्या दिवशी दुपारीच शिखर आलं आणि पीएम २.५ भागिले पीएम १० हे गुणोत्तर ०.३ च्या आसपास पडलं तर धूळ बघा, वारा किती होता ते बघा. ०.७ च्या वर गेलं तर धूर किंवा दुरून आलेले बारीक कण.

पावसाने हवा धुतली जाते हे खरं, पण सगळे कण सारखे धुतले जात नाहीत. जाड कण थेंबांना धडकून खाली येतात, अगदी अतिसूक्ष्म कण भटकत थेंबाला चिकटतात, आणि साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटरचे कण, ज्यात बराचसा धूर येतो, ते थेंबाभोवतीच्या हवेबरोबर वळून निसटतात. म्हणून हलक्या पावसात पीएम १० झपकन खाली येतं आणि पीएम २.५ तेवढं येत नाही. ओली माती उडत नाही हाही भाग आहे, तो पाऊस थांबल्यावरही काही दिवस टिकतो.

दुरून येणाऱ्या मालाचाही विचार करा, सहारा वाळवंटातली धूळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांपर्यंत जाते, तर तुमच्या गावात शेजारच्या प्रदेशाचा धूर येणं काहीच अवघड नाही. हवा गेल्या दोन-तीन दिवसांत कुठून फिरत आली ते काढायला हायस्प्लिट नावाचं मॉडेल फुकट मिळतं. वाऱ्याची दिशा कोणतीही असली तरी आकडा सारखाच वाढलेला असेल तर स्रोत दूरचा आणि पसरलेला, एकाच दिशेने वाढत असेल तर जवळचा.

एका वर्षात ऋतू दिसतात, कल दिसत नाही. यंदा पाऊस लांबला किंवा कापणी लवकर झाली एवढ्याने चित्र बदलतं, म्हणून हवा सुधारली की बिघडली असं बोलायला किमान तीन वर्षं द्या.

वजन झाल्यावर फिल्टर टाकू नका, नंबर घालून फ्रीजमध्ये ठेवा. पुढे कधी लॅबची सोय झाली तर त्याच फिल्टरवरून माती कोणती, धूर कोणता हे काढता येतं. लाकूड-काडीच्या धुराला पाण्यात विरघळणारं पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान या खुणा असतात, मातीला सिलिकॉन, अॅल्युमिनियम, लोह. कार्बन मोजायचा विचार असेल तर मात्र टेफ्लॉन चालत नाही, त्याच्यात स्वतःचाच कार्बन असतो, त्यासाठी भट्टीत तापवून घेतलेले क्वार्ट्झचे फिल्टर लागतात आणि ते दुसऱ्या सॅम्पलरमध्ये त्याच दिवशी लावावे लागतात, त्यामुळे हे वर्ष सुरू व्हायच्या आधीच ठरवा.